संगणकाचं गाऱ्हाणं

मानेचं दुखणं मोठं लबाड. पाय मोडला तर चार माणसं बघायला येतात, मान दुखते म्हटलं तर 'उशी बदल' एवढंच ऐकायला मिळतं. मालवणच्या त्या ऑफिसात सगळ्यांच्या उशा बदलून झाल्या होत्या. तारकर्लीच्या बाजूला पर्यटक उतरवून घेणाऱ्या घरांची बुकिंगं बघणारं ते ऑफिस. दिवसभर माणसं डोळे स्क्रीनला आणि कान मोबाईलला लावून बसलेली. सारिकाला चक्कर यायला लागली, डॉक्टरांनी तिच्या गळ्याला पट्टा बांधला आणि ती पट्ट्यासकट पर्यटकांना समुद्र किती स्वच्छ आहे ते सांगू लागली, तेव्हा मॅनेजर सुनीती मॅडमनी विनीतला बोलावून घेतलं. बाबा रे, तू इथलाच, पण पुण्याच्या कंपनीत काम करून आलेला माणूस, कर काहीतरी, म्हणाल्या.

विनीत हुशार होता, यात वाद नाही. त्याने प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवरच्या कॅमेऱ्याला मान ओळखायला शिकवलं. बराच वेळ मान वाकलेली दिसली की स्क्रीन अंधुक व्हायची आणि एक बांगडा पोहत यायचा. तो जाईल तिकडे नाक फिरवायचं, डावी-उजवी-वर मान झाली की स्क्रीन पुन्हा उजळायची. पहिले काही दिवस सगळ्यांनी बांगड्यामागे नाकं फिरवली. मग बांगडा आला की लोक चहाला उठू लागले. विनीतने घंटा लावून पाहिली, लोकांनी आवाज बंद केला. स्वतःच्या आवाजात सूचना दिल्या, तर त्या एसटी स्टँडवरच्या घोषणेसारख्या वाटल्या आणि एसटी स्टँडवरच्या घोषणेला मिळतो तेवढाच मान त्यांना मिळाला.

मग त्याला हरीकाका आठवले.

हरिश्चंद्र परब त्याच ऑफिसात हिशेब बघायचे. निवृत्तीला टेकलेले, बोलायला कमी, डबा खाताना पाठ करून बसणारे. पण आपल्या गावात ते मानकरी. देवळात गाऱ्हाणं घालायचा हक्क त्यांच्या घराण्याकडे. कुणी आजारी असो, कुणाचं लग्न ठरलेलं असो, नवी होडी पाण्यात घालायची असो, काकांनी देवासमोर उभं राहून त्या माणसाच्या वतीने देवाला सांगायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक सांगण्याला 'होय महाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. ऑफिसात तोंडातल्या तोंडात बोलणारा हा माणूस गाऱ्हाण्याला उभा राहिला की आवाज असा काही निघायचा, की देवळाबाहेर चपला काढणारा माणूस एका पायावर थांबायचा.

विनीतने काकांना विचारलं, मानेच्या व्यायामाचं एक गमतीचं गाऱ्हाणं तुमच्या आवाजात रेकॉर्ड करूया का. काका हसले आणि नाही म्हणाले. त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा हसले नाहीत.

"ता देवळात घालूचा आसता रे," म्हणाले. "थंय बोलणारो मी नसतंय. आवाज फक्त माझो."

आता इथे विषय संपायला हवा होता. पण हुशार माणसाला 'नाही' हा शब्द कोड्यासारखा वाटतो, सोडवल्याशिवाय त्याला झोप येत नाही. नव्या ऑफिसच्या पूजेला काकांनीच गाऱ्हाणं घातलं होतं, त्याचा व्हिडिओ विनीतच्या मोबाईलमध्ये होता. हल्ली कुणाचाही थोडा आवाज दिला की त्या आवाजात हवं ते बोलून देणारी सोय फुकट मिळते. विनीतने आवाज दिला, शब्द आपले लिहिले. काका रेकॉर्ड करणार नाही म्हणाले होते, आपण त्यांना रेकॉर्ड करायला लावलेलं नाही, अशी त्याने मनाशी वकिलीही करून ठेवली.

सोमवारी सकाळी सगळे स्क्रीनवर वाकलेले असताना ऑफिसात काकांचा आवाज घुमला:

"बा देवा महाराजा! आज ही जी काय तुझी लेकरा सकाळपासून काम्प्युटरापुढे मान घालून बसली आसत, तेंची मान मोकळी कर रे महाराजा!"

होय महाराजा, असं चौघांच्या तोंडून आपसूक निघालं, आणि स्क्रीनवर बाण आला: मान उजवीकडे.

"तेंच्या खांद्यार जो काय भार इलो आसात, तो उतरव रे महाराजा!"

होय महाराजा. मान डावीकडे.

"आणि कोणी मेल्यान मोबाईलात तोंड घातला आसात, तर तेका वर बघूची बुद्धी दी रे महाराजा!"

होय महाराजा, आणि माना वर. सारिका पट्टा धरून हसत होती. सुनीती मॅडम केबिनमधून बाहेर येऊन हसत होत्या. हरीकाका तेवढे अर्धवट उठून मागे बघत होते, कोण बोललं ते शोधत. कळलं तेव्हा तेही हसले, पण सगळ्यांचं हसून होत आल्यावर. विनीतने ते हसणं होकारात जमा केलं.

यंत्रणा चालली, अगदी झोकात चालली. दिवसातून कितीतरी वेळा गाऱ्हाणं व्हायचं आणि अख्खं ऑफिस एका तालात माना फिरवायचं. महिन्याभरात सारिकाचा पट्टा सुटला. लोकांना स्क्रीनकडे बघावंही लागेना. 'होय महाराजा' म्हटलं की मान आपली आपण उजवीकडे जायची. सुनीती मॅडम आलेल्या पाहुण्यांना मुद्दाम थांबवून हा सोहळा दाखवायच्या.

काकांची स्क्रीन मात्र अंधुकच राहायची. ते मान हलवत नसत, होय म्हणत नसत, आवाज सुरू झाला की पेन खाली ठेवून हातांकडे बघत बसत. आपल्याच गाऱ्हाण्याला होय म्हणायला कसली लाज, म्हणून पोरं चेष्टा करायची. एकदा काका विनीतच्या टेबलाशी येऊन बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, की दुसऱ्या कुणाचा आवाज घालता येणार नाही का, लोकांना रोज तोच ऐकून कंटाळा येत असेल. विनीत म्हणाला, कंटाळा कसला, लोकांना तुमचाच आवाज हवाय. वर मेहेरबानी म्हणून काकांचा कॉम्प्युटर त्याने या व्यायामातून वगळून टाकला. काका 'बरा' म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. सरळ 'बंद कर' म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि न म्हटलेलं ऐकण्याइतका विनीत रिकामा नव्हता.

मग विमलाकाकींचं दुखणं निघालं. काकांची बायको. जिना चढताना धाप लागते म्हणून दाखवायला नेलं तर हृदयाची झडप बदलायला लागेल असं निघालं. कोल्हापूरच्या इस्पितळात ऑपरेशन ठरलं. काका कुणाला फार काही बोलले नाहीत, पण हिशेबात चुका होऊ लागल्या आणि त्या सुनीती मॅडम गुपचूप दुरुस्त करू लागल्या. जायच्या आधीच्या रविवारी काका गावच्या देवळात गाऱ्हाणं घालणार होते. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी उभा राहिलेला माणूस पहिल्यांदा आपल्या घरासाठी उभा राहणार. आपणही जायला हवं, असं विनीतनेच सुचवलं, गाडीही त्यानेच ठरवली. प्रेमाने ठरवली, हे खोटं नव्हे.

सातेरी देवीच्या देवळात गावातली बरीच माणसं जमली होती. विमलाकाकी खांबाला टेकून बसल्या होत्या, चेहरा उतरलेला, पण केसांत अबोलीचा वळेसर. सारिकाने तब्येत विचारली तर म्हणाल्या, "तेंचा गाऱ्हाणा आयकलंय की अर्धा बरा वाटतला माका. उरलेला डॉक्टर बघतीत."

ऑफिसची माणसं उजव्या अंगाला ओळीने उभी राहिली. काका नारळ घेऊन पुढे झाले. पांढरा सदरा, टोपी, पाठ ताठ. ऑफिसात कधी न दिसणारे काका.

"बा देवी सातेरी माये, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या महाराजा! आज हो तुझो हरिश्चंद्र आपल्या घरच्या लक्ष्मीसाठी तुझ्या पायाकडे उभो आसा रे महाराजा!"

"होय महाराजा!" देऊळ भरून आवाज उठला, आणि ऑफिसच्या सगळ्या माना एकदम उजवीकडे वळल्या.

कुणी मुद्दाम केलं नाही. ज्याच्या त्याच्या लक्षात मान वळल्यावर आलं. सारिकाने ओठ दाबले. गावातल्या दोघाचौघांनी वळून पाहिलं. काकांचीही नजर तिकडे गेली, आणि पुढचं वाक्य जरा अडखळत आलं. पुन्हा होय महाराजा झालं. विनीतने मान घट्ट धरली होती, तरी ती थोडी डावीकडे गेलीच. काका हे सगळं बघत होते. त्यांनी नजर देवीकडे वळवली, डोळे मिटले आणि आवाज चढवला:

"जी काय तिच्या वाटेत आडकाठी आसात, ती दूर करून तिची मान मोकळी कर रे महाराजा!"

वाट म्हणायचं होतं. मान आलं.

गावातल्या लोकांनी सवयीने होय महाराजा म्हटलं. आणि त्या पाठोपाठच्या शांततेत विनीतच्या नाकातून हसू सुटलं. देवळात, शाळेत, मयताच्या घरी येतं तसलं, दाबलं की दुप्पट होणारं हसू. सारिकाला ते लागलं, तिच्यापासून पुढच्याला. क्षणभरच. पण देऊळ लहान होतं आणि सगळ्यांना सगळं ऐकू गेलं.

काका थांबले. ओठ हलले, शब्द आला नाही. गुरव हळूच म्हणाला, चलां दे पुढे. काकांनी पुन्हा तोंड उघडलं, मिटलं, आणि नारळ देवीसमोर खाली ठेवला. "आज नको," एवढं गुरवाला म्हणाले. तुटलेलं गाऱ्हाणं त्याच दिवशी फिरून घालायचं नाही, अशी त्या गावची रीत. आणि उजाडताच त्यांना कोल्हापूरला निघायचं होतं. विमलाकाकींनी पदराने तोंड पुसलं आणि सगळ्यांना, ऑफिसवाल्यांनासुद्धा, प्रसाद घेऊन जा म्हणाल्या. त्यांच्याकडे बघायची विनीतची छाती झाली नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला पहिला पोचला तो विनीत. त्याने गाऱ्हाणं काढून टाकलं, काकांच्या आवाजाची नक्कल पुसली, मोबाईलमधला व्हिडिओसुद्धा पुसला. फाईल पुसली की चूक पुसली असं मानणाऱ्या पिढीतला तो. पण दुपारी पुन्हा जुना बांगडा पोहत आला तेव्हा कुणीतरी नुसत्या तोंडाने 'होय महाराजा' पुटपुटलं, मान उजवीकडे नेली आणि मग ओशाळून खाली बघितलं. विनीत उठून मोरीत गेला आणि तोंडावर पाणी मारत राहिला. घरी आईने विचारलं, परबांच्या बायकोसाठी गाऱ्हाणं चांगलं झालं ना. तो हो म्हणाला. त्या खोट्याचीही लाज वाटली, पण ती आधीच्या लाजेपुढे काहीच नव्हती.

ऑपरेशनच्या दिवशी रजा टाकून तो कोल्हापूरला निघाला. फोंडाघाट चढताना बसमध्ये माफीची वाक्यं जुळवत होता. काका, माझा हेतू वाईट नव्हता. हे पहिल्याच वळणावर फेकून दिलं. काका, मला कल्पना नव्हती. हेही फेकलं, कारण कल्पना होती. काकांनी तोंडाने सांगितलं होतं, पुन्हा टेबलाशी येऊन सांगितलं होतं. घाट संपेपर्यंत त्याच्याकडे एकही वाक्य उरलं नाही.

काका ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते, पिशवी मांडीवर. विमलाकाकींना नुकतंच आत नेलं होतं. समोरच्या बाकावर कोकणातल्याच रेडी गावची एक बाई होती, तिचा नवरा दुसऱ्या खोलीत होता. विनीतला बघून काकांनी पिशवी सरकवून जागा केली. त्यामुळे विनीतला जास्तच लाजल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काका, चुकलंय मी," तो उभ्यानेच म्हणाला. "ता सगळा काढून टाकलंय. तुमचो आवाजसुद्धा."

"बरा केलंस."

मग काका दाराकडे बघतच बोलू लागले.

"निघताना तुळशीपुढे उभो रवलंय. देवळात नाय तर नाय, दोन शब्द हंय तरी बोलाया म्हटला. तोंड उघडलंय की तुझ्या मशिनीतलो हरिश्चंद्र माझ्या आधी बोलता. तेका गप करूक माका जमना नाय." ते थांबले. "अख्ख्या गावाचा घातलंय आजवर. माझ्या बायलेची पाळी इली आणि माका तोंड नाय."

पुसायला आता कुठली फाईल नव्हती. जी प्रत उरली होती ती काकांच्या आत होती, आणि ती त्यानेच तिथे ठेवली होती.

"तू घाल," काका म्हणाले.

"माका येना नाय, काका."

"येता. तू लिवलेला सगळ्यांका पाठ झाला." त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते अधिक लागलं. "कोणीतरी घालूक होया, विनीत. ती आत आसा."

काका उठले, दाराकडे तोंड करून त्यांनी हात जोडले आणि डोळे मिटले. विनीत शेजारी उभा राहिला. बा देवा महाराजा, एवढं म्हणाला, आणि पुढे जिभेवर तयार होऊन आलं ते काम्प्युटरापुढे बसलेल्या लेकरांचं. लहानपणापासून किती गाऱ्हाणी त्याने ऐकली होती, पण दुसरं एकही वाक्य आठवेना. ते त्याने गिळलं. काका वाट बघत होते. शेवटी खरं होतं तेवढंच तोंडातून निघालं.

"ह्या विनीतान तुझ्या नावाची थट्टा केली रे महाराजा."

दुजोरा मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही. मग अगदी बारीक आवाजात काका म्हणाले, "होय महाराजा."

"काका नको म्हणी असताना तेंचो आवाज चोरलो रे महाराजा."

"होय महाराजा," काका म्हणाले, आणि मागून आणखी एक आवाज आला. रेडीची बाई उठून हात जोडून उभी होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. विनीतच्या कानशिलांना आग लागल्यासारखं झालं.

"भरल्या देवळात हसलो तो."

"होय महाराजा."

"तेची काय शिक्षा आसात ती तेका दी. त्या माउलेर राग काढू नको. तिका बरी करून घराक धाड रे महाराजा!"

"होय महाराजा!" या वेळी काकांचा आवाज मोठा होता. नर्सने दार उघडून शांत राहायला सांगितलं. विनीतला वाटलं, आता काका आपल्याकडे बघतील, झालं गेलं जाऊ दे म्हणतील. काकांनी तसं काही म्हटलं नाही. विनीतच्या तिन्ही चुकांना त्यांनी होय म्हटलं होतं, आणि ते मनापासून म्हटलं होतं.

रेडीची बाई पुढे आली. तिने विनीतसमोर हात जोडले.

"बाबा, आता माझ्या घोवाचाय घाल," म्हणाली. "आमच्यात हंय कोण नाय घालणारो."

वयाने आईएवढी बाई हात जोडून उभी. विनीतला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मी नाय, काकी," तो म्हणाला. "मानकरी हे आसत. मी खोटो."

बाईने काकांकडे पाहिलं. काका दाराकडे बघत होते, आत काय चाललंय ते दिसत असल्यासारखे. मग ते तिच्याकडे वळले. नवऱ्याचं नाव विचारलं, गावचा देव कोणता ते विचारलं. टोपी नीट केली. एकदा घसा खाकरला, पुन्हा खाकरला, तरी शब्द येत नव्हता.

"बा देवा महाराजा," काका म्हणाले. आवाज फाटका होता, पण पुढचा शब्द आला, त्याच्या पुढचाही. रेडीच्या माणसाचं नाव आलं, गाव आलं, आतल्या डॉक्टरच्या हाताला यश दे, असं आलं.

"होय महाराजा," बाई म्हणाली. विनीतने हनुवटी छातीशी दाबून धरली होती, मान कुठेही वळू नये म्हणून. त्याच्या तोंडून पहिला होय फुटलाच नाही. दुसऱ्याला तो म्हणाला, तेही इतक्या हळू, की शेजारी उभ्या काकांना ऐकू गेलं नसेल.